भूपेश घरतची पदोन्नती

भूपेश घरत टेलिफोन ऑपरेटर होता आणि त्याच्या बँकेत टेलिफोन नव्हता.

म्हणजे एके काळी होता. खाडीकाठ नागरी सहकारी बँकेच्या भाईंदर पश्चिमेकडच्या मुख्य कार्यालयात, तळमजल्यावर जिन्याखाली, चाळीस लाइनींचा बोर्ड होता आणि त्याच्यासमोर भूपेश बसायचा. पाच वर्षांपूर्वी संचालक मंडळाने ठराव केला आणि बोर्डाच्या जागी एक रेकॉर्ड केलेली बाई आली. ती 'मराठीसाठी एक दाबा' म्हणते आणि एक दाबलं की पुन्हा तेच म्हणते. बोर्ड भंगारात गेला. भूपेश आणि त्याची खुर्ची जागेवर राहिली, कारण भंगाराच्या यादीत फक्त यंत्रं होती आणि भूपेश हा दिव्यांग कोट्यातला कायम कर्मचारी होता. 'कायम' हा शब्द बँकेने फार मनावर घेतला होता. सोळा वर्षांपूर्वी तो ऑपरेटर म्हणून लागला तो ऑपरेटरच होता. त्याच्यानंतर लागलेले तिघं शाखा व्यवस्थापक झाले होते, त्यांतल्या एकाला तर अजून व्याज काढता येत नव्हतं.

भूपेशला येत होतं. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्याची नजर गेली होती, डावा डोळा काढून काचेचा बसवला होता, पण त्यानंतर त्याने बीकॉम केलं, बँकिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि स्क्रीन वाचून दाखवणारा संगणक असा काही हाताखाली घातला की तो इतक्या वेगाने बोलायचा, शेजारच्यांना ते भांडण वाटायचं. बोर्ड गेल्यावर तक्रार विभागाने आपला त्रास वाचवण्यासाठी ग्राहकांना भूपेशचा मोबाइल नंबर देऊन टाकला. नंतर तक्रारींच्या मेलही त्याच्याकडे वळवल्या. गेल्या वर्षात त्याने चारशे बारा तक्रारी निकाली काढल्या. कागदोपत्री त्या तक्रार विभागाने काढल्या होत्या. साहेब लोक जिन्याखालून जाता जाता म्हणायचे, "बिचारा, काही ना काही करत असतो."

अशात पदोन्नतीचं परिपत्रक निघालं. लेखी परीक्षा, मुलाखत आणि मग अधिकारी. भूपेशला तक्रार विभागाचा अधिकारी व्हायचं होतं, म्हणजे जे काम तो करतच होता ते स्वतःच्या नावाने करायचं होतं. त्यासाठी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. एवढंच.

फॉर्म त्याने वीस मिनिटांत भरला. शेवटी संगणक म्हणाला, "कॅमेऱ्याकडे पाहा आणि पापण्यांची उघडझाप करा."

भूपेशने अंदाजाने पाहिलं. एका डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नव्हती आणि दुसऱ्याचं बुबुळ आपल्या मर्जीने छताकडे जायचं. संगणक म्हणाला, "चेहरा आढळला नाही." असं त्याने अकरा वेळा सांगितलं. आपला चेहरा नाही हे अकरा वेळा ऐकल्यावर माणूस थोडा हलतो. भूपेशची बायको चांदणी इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवायची, तिची नजर तेज. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून कॅमेऱ्यासमोर सरळ केलं, तेव्हा संगणक म्हणाला, "एकापेक्षा जास्त चेहरे आढळले."

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. नवघरच्या इमारतीत भिंती बिल्डरने अशा बांधल्यात की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. तिसऱ्या मजल्यावरचे बाबुराव साळवी आले. हे मूळचे रत्नागिरीचे, एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देणं हे पूर्ण वेळेचं काम म्हणून घेतलं होतं.

"हे बघ भूपेश," बाबुराव म्हणाले, "फोटो अपलोड करायची सोय असते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मला दिसतंय. स्टुडिओत जा."

कोपऱ्यावर बंटीचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो यांवर त्याचा संसार चालायचा. त्याने फोटो काढला, फॉर्मवर चढवून पाहिला. फॉर्म म्हणाला, "डोळे उघडे असलेला फोटो द्यावा."

बंटीने थोडा वेळ विचार केला आणि अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाला, "भाई, टेन्शन मत लो. आँखें मैं लगा देता हूँ. मेरे पास बहुत हैं."

भूपेश नको म्हणाला. बाबुराव हो म्हणाले. चांदणी म्हणाली, आज शेवटची तारीख आहे. बंटीने आधीच बसवले होते. विरारच्या कुठल्याशा नवरदेवाचे डोळे होते, घारे. फॉर्म तत्काळ स्वीकारला गेला. भूपेशची आई जिजाबाई, आयुष्यभर मिठागरात आणि भातात राबलेली बाई, फोटो हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बरा दिसतं. पन हा आपला न्हाय." आणि उठून आत गेली. त्यानंतर तिने त्या फोटोचं नाव काढलं नाही, आणि भूपेशनेही नाही.

परीक्षेला लेखनिक मिळतो. नियम असा, की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा आणि त्याला बँकिंगचं ज्ञान नको. या दोन्ही अटी बाबुराव इतक्या काटेकोर पूर्ण करत होते की दुसऱ्या कुणाचं नाव सुचवणं इमारतीत अपमान ठरला असता. ते स्वतःच म्हणाले, "मी येतो. माझं अक्षर सुंदर आहे." परीक्षा संगणकावर होती. अक्षराचा संबंध फक्त सही करण्यापुरता होता, पण बाबुरावांनी शाईचं पेन भरून घेतलं.

केंद्रावरच्या पर्यवेक्षकाने प्रवेशपत्र पाहिलं, भूपेशकडे पाहिलं, पुन्हा प्रवेशपत्र पाहिलं.

"हा तुमचा फोटो नाही," तो म्हणाला. "या फोटोतल्या माणसाला दिसतं."

"फोटो माझाच आहे. डोळे माझे नाहीत."

"मग कोणाचे आहेत?"

"विरारच्या एका माणसाचे," बाबुराव मदतीला धावले. "घारे आहेत."

पुढची पस्तीस मिनिटं भूपेश केंद्राच्या ऑफिसात होता. त्याला आपण भूपेश आहोत हे सिद्ध करायचं होतं आणि मग आपण आंधळे आहोत हेही. आधार कार्डावर नाव जुळलं, चेहरा जुळला नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावर चेहरा जुळला, पण पर्यवेक्षक खाली वाकून त्याच्या काचेच्या डोळ्यात पाहत म्हणाला, "हा तर चांगला स्वच्छ आहे." शेवटी हमीपत्र लिहून घेतलं. ते बाबुरावांनी शाईच्या पेनाने, सुंदर अक्षरात लिहिलं. त्यातल्या 'दृष्टिहीन' शब्दाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावर आणखी चार मिनिटं गेली.

गेलेली मिनिटं परत मिळाली नाहीत. परीक्षा सुरू झाली. बाबुराव प्रश्न वाचायचे, पर्याय वाचायचे आणि मग आपलं मत सांगायचे.

"क," भूपेश म्हणायचा.

"क कसं? मला ब वाटतंय."

"काका, क दाबा."

"दाबतो. पण ब आहे."

सव्विसाव्या प्रश्नात आलेख होता. बाबुरावांनी तो बारकाईने पाहिला. "एक उंच डबा आहे," ते म्हणाले, "त्याच्या बाजूला बुटका. मग परत उंच. आमच्या स्टोअरमध्ये अशीच मांडणी होती."

"डब्यांखाली आकडे आहेत का?"

"आहेत. पण डब्यांचा रंग छान आहे."

आकडे वाचून घेऊन भूपेशने मनात टक्केवारी काढली. एकतिसाव्या प्रश्नानंतर त्याला बाबुरावांवरचा राग आवरता आवरता घाम फुटला होता, आणि हा राग दाखवायची सोय नव्हती, कारण माऊस त्यांच्या हातात होता. माणसाने सोळा वर्षं अभ्यास करावा आणि ऐन वेळी त्याचं सगळं ज्ञान दुसऱ्याच्या तर्जनीवर अवलंबून असावं, याला काय म्हणतात ते भूपेशला ठाऊक नव्हतं. नियमावलीत त्याला 'सवलत' म्हटलं होतं.

निकाल लागला. एकशे सत्तर जणांत भूपेश सातवा आला.

इमारतीत आनंद झाला. खालच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी लिहिलं, 'श्री. बाबुराव साळवी यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली लहान अक्षरात भूपेशचं नाव होतं, हे चांदणीने वाचून सांगितलं. जिन्यात भेटेल तो म्हणायचा, "बाबुरावांनी कमाल केली." या वयात, घरचं सगळं सोडून, एका आंधळ्याला पास केलं. बाबुराव हात जोडून म्हणायचे, "मी फक्त निमित्त." आणि दारापर्यंत येऊन हळू आवाजात भूपेशला सांगायचे, "ते दोन-तीन ठिकाणी मी ब दाबलं होतं. म्हणून सातवा. नाहीतर मागे गेला असतास."

भूपेशने नंतर उत्तरपत्रिका मागवली. तीन ठिकाणी ब होतं आणि तिन्ही चूक होती. ती नसती तर तो दुसरा आला असता. हे त्याने फक्त चांदणीला सांगितलं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "परत गरज लागेल तेव्हा कोण येईल?"

म्हणजे पुढच्या परीक्षेला, असं तिला म्हणायचं होतं. भूपेशला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त लागलं.

मुलाखतीची त्याने कसून तयारी केली. चारशे बारा तक्रारी, त्यांचे प्रकार, प्रत्येकीला लागलेले दिवस, कुठला फॉर्म बदलला तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत, हे सगळं त्याने तोंडपाठ केलं. समोर तीन जण बसले होते. आवाजावरून दोन पुरुष आणि एक बाई.

"घरत, तुम्ही ऑफिसला कसे येता?" पहिल्या साहेबांनी विचारलं.

"शेअर रिक्षाने. पुढे पूल ओलांडून चालत."

"एकटे?"

"हो."

खोलीत कौतुकाची शांतता पसरली. "शर्टाचा रंग कसा ओळखता?" दुसऱ्याने विचारलं. बाईंनी विचारलं, "स्वप्नं पडतात का हो तुम्हाला?" मग बाईंच्या पर्समधून रुमाल निघाल्याचा आवाज आला.

"सर, तक्रारींबद्दल मी काही सांगू का?" भूपेश म्हणाला.

"तुमची काही तक्रार आहे?"

"माझी नाही. ग्राहकांची."

"बघा," पहिले साहेब इतर दोघांना म्हणाले, "अशा परिस्थितीतही तक्रार नाही." आणि मुलाखत संपली. त्याला पन्नासपैकी पन्नास मिळाले. असे गुण पदरात घेऊन बाहेर पडताना आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारलीय असं का वाटतंय, हे त्याला रिक्षात बसेपर्यंत कळत नव्हतं.

भूपेश अधिकारी झाला. दुसऱ्या मजल्यावर त्याला काचेची केबिन मिळाली आणि दारावर पितळी पाटी लागली, 'समावेशन अधिकारी'. हे पद त्याच्यासाठी खास तयार केलं होतं. मनुष्यबळ विभागाच्या हेमाली मॅडम त्याला खुर्चीपर्यंत हाताला धरून घेऊन गेल्या. त्याची काठी दुसऱ्याच हातात होती, ती त्यांना दिसली नसावी.

"मॅडम, माझं काम काय?"

"भूपेशभाई, तुम्ही इथे आहात हेच काम आहे."

"आणि तक्रारी?"

"ते आता नीरज बघेल, वसई शाखेतून आणलाय त्याला. तुम्ही किती वर्षं राबलात. आता आराम."

ग्राहकांना पत्र गेलं, की श्री. घरत यांच्या मोबाइलवर फोन करू नये. वार्षिक अहवालासाठी त्याचा फोटो निघाला, संगणकासमोर बसलेला. संगणक बंद होता. पहिल्या महिन्यात त्याने तीन उद्घाटनांना टाळ्या वाजवल्या आणि एका शाळेत 'जिद्द' या विषयावर भाषण केलं. दुसऱ्या महिन्यात उद्घाटनं नव्हती. नीरज सुरुवातीला इंटरकॉमवर विचारायचा, "सर, वारस नोंदीच्या केसमध्ये काय करायचं?" भूपेश सांगायचा. हेमाली मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी नीरजला दम दिला, की साहेबांना त्रास देऊ नकोस. फोन थांबला. केबिनमध्ये एसी इतका चांगला होता की बाहेरचा आवाज येत नसे. जिन्याखाली निदान जिना तरी होता. पावलांवरून माणसं ओळखता येत.

घरी मात्र सोहळा होता. जिजाबाई भाजीवालीला सांगायची, "आपला भूप्या साह्यब झाला हाय." एकदा तिनेच विचारलं, "साह्यब झालास तं तोंड का वाकडं?" त्याने सांगितलं, आई, काम नाही. ती म्हणाली, "मंग काय झाला? साह्यबाला काम नसतं."

तिसऱ्या महिन्यात भूपेशने अर्ज दिला, की मला जुन्या पदावर परत पाठवावं. हेमाली मॅडमनी नियम काढून वाचला. खालच्या पदावर पाठवणं ही शिक्षा आहे. ती गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय देता येत नाही.

"म्हणजे मी काहीतरी गुन्हा करायला हवा?"

"असं मी कुठे बोलले, भूपेशभाई. तुम्ही चहा घ्या."

गुन्हा आपण होऊन चालत आला. एका दुपारी केबिनचं दार उघडलं आणि एक बाई म्हणाली, "तुमीच ना ते फोनवरचे? आवाज वलखला मी. बाहेर शिपायाशी बोलत व्हतात तवा."

ती उत्तनपुढच्या चौक गावातली शालूबाई. मासळी विकायची. पूर्वी दोनदा भूपेशशी फोनवर बोलली होती. तिची विधवा पेन्शन सात महिने बंद होती, कारण पासबुकात नाव 'शालू' होतं आणि आधारवर 'शालिनी'. नीरजने तिला राजपत्रात नाव छापून आणायला सांगितलं होतं. ती दोन बस बदलून चौथ्यांदा आली होती.

"राजपत्र म्हंजे काय ते मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "त्याला बी ठावं न्हाय बहुतेक."

भूपेशने तिला बसायला सांगितलं. अशा केसमध्ये राजपत्र लागत नाही, साधं प्रतिज्ञापत्र पुरतं, हे बँकेच्याच परिपत्रकात होतं. ते परिपत्रक त्यानेच दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं आणि दुसऱ्याच्या सहीने निघालं होतं. त्याने संगणक सुरू केला आणि जुनं लॉगिन टाकून पाहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्क्रीनचा तो घाईचा आवाज अडीच महिन्यांनी कानात पडला आणि भूपेशची पाठ आपोआप ताठ झाली. शालूबाईने समोरच्या गल्लीतून प्रतिज्ञापत्र करून आणलं, शाखेत फोन झाला, मंजुरी आली. सगळं मिळून तास-सव्वा तास. त्या संध्याकाळी भूपेशने पुलावरून चालताना कितीतरी दिवसांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

आठवड्यात पेन्शन जमा झाली. शालूबाई कृतज्ञ बाई. तिने वर्तमानपत्रात बांधून सुके बोंबील आणले आणि भूपेश जागेवर नव्हता म्हणून त्याच्या टेबलाच्या खणात ठेवून गेली. एसी, मघाशी सांगितलं तसं, फार चांगला होता. अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावर, अध्यक्षांच्या केबिनपर्यंत, बोंबील पोचले. शोध सुरू झाला. खण सापडला, खणावरून शालूबाई सापडली, शालूबाईवरून नावदुरुस्ती आणि नावदुरुस्तीवरून लॉगिन.

भूपेशला मेमो मिळाला.

चांदणीने तो घरी वाचून दाखवला. 'आपण आपल्या अधिकारकक्षेबाहेर जाऊन, जुन्या लॉगिनचा वापर करून ग्राहकाच्या खात्यात बदल केलात. आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

"पुन्हा वाच," भूपेश म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती घाबरली. "तुम्ही हसताय काय?"

सोळा वर्षांत बँकेने त्याला पहिल्यांदाच दरडावलं होतं. शाखा व्यवस्थापकांना मेमो मिळायचे, कॅशियरना मिळायचे, शिपायांना तर महिन्याला मिळायचे. भूपेशला कधी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. बाबुराव धावत आले आणि म्हणाले, आईला घेऊन जा, दोघं मिळून रडा, मी बरोबर येतो. जिजाबाई लुगडं बदलायला उठलीसुद्धा. भूपेशने दोघांना बसवलं आणि स्वतः खुलासा टाइप केला. मी हे काम केलं. परिपत्रकाप्रमाणे ते बरोबर होतं. मला तो अधिकार नव्हता हे मला माहीत होतं. समितीसमोर उत्तर द्यायला मी तयार आहे.

रात्री त्याने प्रश्न काढले, उत्तरं काढली. समितीने काय विचारलं तर काय म्हणायचं, पदावनती दिली तर तक्रार विभागच कसा मागायचा. चांदणीला समोर बसवून अध्यक्ष केलं. ती कडक अध्यक्ष होती.

समितीने त्याला चहा दिला.

"घरत, घाबरू नका," मुलाखतीतलेच पहिले साहेब म्हणाले. "आम्ही सगळं समजून घेतलंय. तुमच्याकडून अनवधानाने झालं."

"अनवधानाने नाही, सर. मुद्दाम केलं."

"बसा, बसा. पाणी घ्या."

"सर, मला माहीत होतं की लॉगिन जुनं आहे. मी ते ठरवून वापरलं."

"किती प्रामाणिक," बाईंचा आवाज आला, आणि पाठोपाठ पर्स उघडल्याचा.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. 'श्री. घरत यांच्या शारीरिक मर्यादांमुळे सदर चूक घडली असल्याचे मान्य करून, सहानुभूतीपूर्वक विचारान्ती, मेमो मागे घेण्यात येत आहे.' जुनं लॉगिन बंद करण्यात आलं. नीरजच्या चुकीबद्दल नीरजला मात्र वेगळा मेमो मिळाला. तो त्याच्याकडेच राहिला.

इमारतीत बाबुरावांनी पेढे वाटले. भूपेशने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसला. चांदणीने विचारलं, काय झालं, सुटलात ना. तो म्हणाला, "चोराला पण चोर म्हणतात गं. मला तेवढंही म्हणायला तयार नाहीत."

चांदणीने त्याच्या हातातला पेढा काढून ताटलीत ठेवला आणि त्याची चिकट झालेली बोटं ओल्या फडक्याने पुसली.

सकाळी भूपेश ऑफिसात गेला, पण लिफ्टकडे वळला नाही. तळमजल्यावरच्या तक्रार विभागात जाऊन त्याने नीरजसमोरची ग्राहकांची खुर्ची ओढली आणि बसला.

"सर, तुम्ही इथे?" नीरज उठून उभा राहिला.

"बस. माझं या बँकेत पगाराचं खातं आहे. म्हणजे मी ग्राहक आहे. तक्रार लिहून घे."

"कशाबद्दल, सर?"

"मी जाणूनबुजून केलेली गोष्ट बँकेने माझ्या डोळ्यांच्या नावावर टाकली. ती माझ्या नावावर करून हवी. मेमोसकट."

नीरजने लिहून घेतलं. कीबोर्डवर तो दोन बोटांनी टाइप करायचा, त्यामुळे बराच वेळ लागला. मग तो थांबला. त्याची खुर्ची करकरली, तो पुढे वाकला असावा. आवाज खाली आणून, अगदी मनापासून त्याने विचारलं, "सर, ही सोडवायची कशी, तेवढं सांगता का?"

भूपेशने काठी मांडीवर आडवी ठेवली. मागे खुर्च्यांवर ग्राहक येऊन बसत होते. कुणीतरी पासबुकाची पानं उलटत होतं.

"तक्रार निवारण नियम, कलम नऊ," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. लिही, मी सांगतो."